पेच आवळताना : दातांच्या इम्प्लांटमधील जुळणीविषयी

दाताच्या इम्प्लांटमधला मुख्य पेच जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा इम्प्लांट आणि हिरडीतून वर येणारा जोडभाग, म्हणजे अ‍ॅबटमेंट, या दोघांना तो धरून ठेवतो. अ‍ॅबटमेंटवर दात चढतो आणि त्या दाताखाली पुढची कित्येक वर्षे भाकरी, चिक्की, ऊस, सुपारी चावली जाणार असते. रुग्णाला हा पेच कधी दिसत नाही. आरशात दिसतो तो दात, त्याचा रंग, त्याची ठेवण. पण दात घट्ट राहणार की वर्षाच्या आत डुगडुगू लागणार, याचा बराचसा निकाल हा पेच कोणी, कशाने, किती आणि कितीदा आवळला यावर लागतो.

इम्प्लांटचे भाग एकमेकांत नीट बसणे, म्हणजे त्यांची जुळणी, ही कारखान्यातच ठरते असे बहुतेकांना वाटते. यंत्राने मायक्रॉनच्या हिशोबात कापलेले भाग आहेत, मग ते बसणारच, अशी त्यामागची समजूत. ती अर्धीच खरी आहे. सुटे भाग कितीही अचूक असले तरी पेच फिरेपर्यंत ते फक्त एकमेकांवर टेकलेले असतात. आवळण्याने जुळणी घडते. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, आवळण्याने वाईट जुळणी झाकलीही जाते. मोजमापे, आलेख आणि प्रयोगांचे तपशील पुढील प्रकरणांत येतील. हा प्रश्न मुळात आला कुठून आणि दवाखान्यात तो कोणत्या रूपात समोर उभा राहतो, ते आधी पाहायला हवे.

सुरुवात स्वीडनमधली आहे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास लुंड येथे सशांच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. निरीक्षणासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणे प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेनात. हाडाने त्यांना धरून ठेवले होते. पुढे गोथेनबर्गला त्यांनी याच गुणाचा उपयोग दातांसाठी केला. १९६५ साली योस्टा लार्सन यांच्या खालच्या जबड्यात त्यांनी चार इम्प्लांट बसवले आणि लार्सन यांचे २००६ मध्ये निधन होईपर्यंत ते काम देत राहिले. १९८२ मध्ये टोरांटो येथे जॉर्ज झार्ब यांनी भरवलेल्या परिषदेनंतर ही पद्धत उत्तर अमेरिकेतील दंतवैद्यांनी स्वीकारली आणि मग ती जगभर गेली.

ब्रोनेमार्क यांच्या मूळ इम्प्लांटच्या माथ्यावर एक षट्कोनी उंचवटा होता, जेमतेम ०.७ मिलिमीटर उंचीचा. तो केला होता इम्प्लांट हाडात फिरवून बसवण्यासाठी, पकड मिळावी म्हणून. वरच्या दाताला आधार देणे हे त्याचे काम नव्हतेच. त्या काळी दात पूर्ण गेलेल्या जबड्यात चार-सहा इम्प्लांट घालून त्यांवर एकसंध पट्टी बसवत, आणि पट्टी एकत्र बांधलेली असल्यामुळे एकेका पेचावर फिरण्याचा ताण येत नसे. पुढे याच रचनेवर एकेकटे दात बसवायला सुरुवात झाली आणि ०.७ मिलिमीटरच्या त्या उंचवट्यावर दात न फिरू देण्याची जबाबदारी आली. परिणाम लवकरच दिसला. एकेकट्या दातांविषयी तोर्स्टेन येम्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्री अहवालात पहिल्याच वर्षात सुमारे २६ टक्के पेच सैल झाल्याचे नोंदले गेले. हाड उत्तम, इम्प्लांट पक्का, तरीही सुमारे एक चतुर्थांश रुग्णांना पेच आवळून घ्यायला परत यावे लागले. त्यानंतर पेचाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. सोन्याच्या मिश्रधातूचे पेच आले, ३२ न्यूटन-सेंटिमीटर असा नेमका आकडा आला आणि तो आकडा गाठून देणारे टॉर्क रेंच दवाखान्यात आले.

या आकड्याचा अर्थ सोपा आहे. आजच्या अनेक इम्प्लांटसाठी सांगितला जाणारा ३५ न्यूटन-सेंटिमीटरचा टॉर्क म्हणजे एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला साधारण साडेतीन किलो वजनाइतका जोर. पेच फिरतो, त्याचे आटे इम्प्लांटच्या आतल्या आट्यांत धावतात, डोके अ‍ॅबटमेंटवर टेकते आणि तिथून पुढे पेचाचा दांडा अगदी किंचित ताणला जातो. ताणलेला धातू मूळ लांबीकडे परतू पाहतो आणि त्या ओढीने दोन्ही भाग एकमेकांवर दाबले जातात. या दाबाला प्रीलोड म्हणतात. पेच घट्ट राहतो तो या प्रीलोडमुळे. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एडविन मॅकग्लम्फी यांनी १९९८ च्या लेखात हे नेमके मांडले आहे: दोन भागांना दाबून धरणारे बल आणि चावताना त्यांना विलग करू पाहणारी बले यांची सतत झुंज चाललेली असते, दुसरी बाजू भारी झाली की पेच सैल होतो. त्यामुळे पेच तुटेल त्या टॉर्कच्या सुमारे ७५ टक्क्यांपर्यंत जाऊन आवळावे, असे त्यांनी सुचवले. कमी आवळणे हा सुरक्षित पर्याय नाही, हे यातून स्पष्ट होते. पेच तुटेल या भीतीने हलक्या हाताने आवळणारा दंतवैद्य तो सैल होण्याची, आणि सैल झाल्यावर वाकून-वाकून तुटण्याची, सोय करत असतो.

अडचण अशी की टॉर्क रेंच टॉर्क दाखवतो; प्रीलोड दाखवत नाही. लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहावा हिस्साच पेच ताणण्यात खर्च होतो. बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणजे घर्षण जरासे बदलले की त्याच ३५ च्या आकड्यावर हाती येणारा प्रीलोड बराच बदलतो. पेच सोन्याच्या मिश्रधातूचा आहे की टायटॅनियमचा, त्यावर घर्षण कमी करणारा थर आहे की नाही, आट्यांत लाळ किंवा रक्त गेले आहे का, पेच नवा आहे की लॅबमध्ये दहादा फिरवलेला, या प्रत्येक गोष्टीचा त्यात वाटा आहे. वारंवार आवळून उघडलेला पेच उघडायला पुढे कमी जोर लागतो, हे वाइस, कोझाक आणि ग्रॉस यांनी २००० मध्ये सात प्रणालींवर दाखवले. म्हणून लॅबमध्ये एक पेच वापरावा आणि तोंडात अखेरचा दात बसवताना कोरा पेच घ्यावा, हा नियम काटेकोरपणे पाळण्याजोगा आहे. पेचाची किंमत पूर्ण उपचाराच्या तुलनेत नगण्य असते.

मग हाताने आवळले तर काय? गोहीन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये अनुभवी दंतवैद्यांना ठरावीक टॉर्क हाताने लावायला सांगून तो मोजला. माणसामाणसांत मोठी तफावत आढळली. ते अपेक्षितच आहे. ड्रायव्हरची मूठ काही मिलिमीटर जाडीची, ती बोटांच्या चिमटीत धरायची, त्यावर ओला हातमोजा, आणि मागच्या दाढेपाशी हात पोहोचवायचा. बहुतेकांच्या बोटांना ३५ पर्यंत पोहोचताच येत नाही, तरी प्रत्येकाला आपण पुरेसे आवळले असे वाटते.

रेंच घेतला म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. एका प्रकारच्या रेंचमध्ये लवचीक दांडी वाकते आणि पट्टीवरच्या खुणेवर आकडा वाचायचा असतो. दुसऱ्यात ठरलेला टॉर्क आला की मान मोडते, खट असा आवाज येतो. दुसऱ्या प्रकाराचा सांधा वारंवारच्या निर्जंतुकीकरणाने गंजतो, त्यात वंगण सुकते, आणि मान कधी लवकर तर कधी उशिरा मोडू लागते. व्हॅली आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या तुलनात्मक अभ्यासात वाकणाऱ्या दांडीचे रेंच लक्ष्याच्या अधिक जवळ राहिले. अर्थात त्यांचा आकडा समोरून, सरळ नजरेने वाचला तरच. आवळण्याची गतीही महत्त्वाची. झटक्याने ओढलेला रेंच लक्ष्य ओलांडून जातो, सावकाश ओढलेला थांबतो. वजनकाटा ठरावीक मुदतीने तपासून घ्यावा लागतो, ही सक्ती बाजारातल्या व्यापाऱ्यावर आहे. रुग्णाच्या तोंडात वापरला जाणारा रेंच मात्र विकत घेतल्यापासून एकदाही तपासलेला नसतो, असे अनेक दवाखान्यांत दिसते. हे बदलायलाच हवे.

आता एक गोष्ट, जी फुकट आहे आणि तरी वगळली जाते. कितीही गुळगुळीत दिसणारा धातूचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीतच असतो. पेच आवळला की दोन पृष्ठभागांवरचे उंचवटे एकमेकांवर दाबले जातात आणि हळूहळू चपटे होतात. ते जितके बसतात तितका पेचाचा ताण उतरतो. पहिल्या काही सेकंदांत आणि मिनिटांत मूळ प्रीलोडचा २ ते १० टक्के भाग असा निघून जातो. सियामोस, विंकलर आणि बोबेरिक यांनी २००२ मध्ये सुचवलेला उपाय अगदी साधा आहे: पेच ठरलेल्या टॉर्कने आवळा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा त्याच टॉर्कने आवळा. पहिल्या आवळण्याने खडबड बसते, दुसऱ्याने गेलेला ताण परत मिळतो. दहा मिनिटे रुग्णाला खुर्चीत बसवून ठेवणे गर्दीच्या दवाखान्यात जड वाटते, पण तेवढ्या वेळात चावण्याची तपासणी आणि पॉलिश होऊन जाते.

इथपर्यंत विषय पेचाचा होता. जुळणीचा खरा गुंता सुरू होतो तो शंकूच्या आकाराच्या जोडात, आणि आज बाजारातले बरेच इम्प्लांट याच घराण्यातले आहेत. जुन्या बाह्य षट्कोनी रचनेत अ‍ॅबटमेंटचा सपाट तळ इम्प्लांटच्या सपाट माथ्यावर टेकतो आणि तिथेच थांबतो. अधिक आवळले तरी तो खाली जाण्याला जागा जवळपास नसते. शंकूच्या जोडात असा थांबा नसतो. निमुळता अ‍ॅबटमेंट निमुळत्या खाचेत पाचरीसारखा उतरतो आणि जितके आवळावे तितका खोल जातो. भूमिती पाहिली की कारण लक्षात येते. शंकूची बाजू अक्षाशी सुमारे ६ अंशांचा कोन करत असेल, तर भिंत एक मायक्रॉन बाजूला सरली की अ‍ॅबटमेंट साधारण साडेनऊ मायक्रॉन खाली उतरतो. धातू किंचित लवला, खडबड किंचित बसली, तरी उंचीत त्याचा हिशोब दहापटीच्या आसपास येतो. बोटांनी आवळलेला अ‍ॅबटमेंट आणि रेंचने पूर्ण टॉर्कला नेलेला अ‍ॅबटमेंट यांच्या उंचीत दोन अंकी मायक्रॉनचा फरक पडू शकतो. डेली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नेमका हाच विषय घेतला: टॉर्क वाढवत नेला तसा अ‍ॅबटमेंट किती आत सरकतो, आणि तोंडातल्या इम्प्लांटमध्ये व लॅबमधल्या त्याच्या नमुन्यात हे सरकणे सारखेच असते का.

या दुसऱ्या प्रश्नात दवाखान्यातली रोजची साखळी सामावली आहे. दंतवैद्य माप घेतो तेव्हा इम्प्लांटवर मापाचा खुंटा बोटांनी आवळतो. ते माप लॅबमध्ये जाते. तिथला टेक्निशियन इम्प्लांटचा नमुना जोडतो, त्यावर अ‍ॅबटमेंट आपल्या हाताने आवळतो आणि त्या उंचीवर दात घडवतो. शेवटी तोच दात तोंडात ३० किंवा ३५ न्यूटन-सेंटिमीटरने आवळला जातो. तीन टप्पे, तीन वेगवेगळे टॉर्क. तोंडात अ‍ॅबटमेंट लॅबपेक्षा अधिक खाली गेला की दात बुटका पडतो, समोरच्या दाताला लागत नाही, शेजारच्या दाताशी स्पर्शबिंदू खाली सरकतो आणि तिथे अन्न अडकू लागते. चावण्याची तपासणी करायला वापरतात ती धातूची पातळ फीत ८ मायक्रॉनची असते. तिच्या मानाने हा फरक अनेक पटींचा आहे. रुग्ण तक्रार करतो, दंतवैद्य लॅबला दोष देतो, टेक्निशियन मापाकडे बोट दाखवतो. दोघांनीही आपापले काम चोख केलेले असू शकते. फक्त तिन्ही टप्प्यांवर पेच सारखा आवळलेला नसतो.

डिजिटल स्कॅनिंग आल्यावर हा प्रश्न संपला असा समज पसरतो आहे. तो संपलेला नाही. कॅमेरा टिपतो ती इम्प्लांटवर बसवलेली स्कॅनबॉडी, आणि तीही पेचानेच आवळावी लागते. पीक नावाच्या, धातूपेक्षा मऊ अशा प्लास्टिकची स्कॅनबॉडी जास्त आवळली तर दबते आणि कमी आवळली तर पूर्ण बसत नाही. संगणकाच्या पडद्यावर दोन्ही वेळा चित्र तितकेच स्वच्छ दिसते. म्हणून स्कॅनबॉडीसाठी कंपनीने सांगितलेला टॉर्क वेगळा वाचावा लागतो आणि तोच लावावा लागतो.

अनेक इम्प्लांटवर एकसंध पट्टी बसवताना आवळण्याची दुसरी बाजू समोर येते, झाकण्याची. पट्टी चार इम्प्लांटवर तंतोतंत बसत असेल आणि पाचव्यापाशी थोडी वर राहत असेल, तर पाचवा पेच आवळताच ती खाली ओढली जाते. फट दिसेनाशी होते. पण पट्टी वाकलेली राहते आणि तो ताण पेच, पोर्सिलेन आणि हाड यांत कायमचा साठून राहतो. नैसर्गिक दाताला मुळाभोवतीच्या तंतूंची सुमारे ०.२ मिलिमीटरची गादी असते, त्यामुळे दात सरकून जुळवून घेतो. हाडात रुजलेला इम्प्लांट काही मायक्रॉनपलीकडे हलत नाही. ब्रोनेमार्क यांनी १९८३ मध्ये अशा जोडासाठी १० मायक्रॉनची मर्यादा सुचवली होती. येम्ट यांनी व्यवहारात वापरता येईल अशी कसोटी दिली: पेच पहिला अडथळा लागेपर्यंत फिरवा, आणि त्यानंतर पूर्ण बसायला अर्ध्या फेऱ्यापेक्षा जास्त लागला तर पट्टी चुकली आहे असे समजा. त्या पेचाच्या आट्यांमधले अंतर ०.३ मिलिमीटर, म्हणून अर्धा फेरा म्हणजे १५० मायक्रॉन. पेचाचा फेरा इथे मोजपट्टीचे काम करतो, आणि त्यासाठी वेगळे यंत्र लागत नाही.

आणखी एक कसोटी एका पेचाची आहे, शेफिल्ड चाचणी म्हणून ती ओळखली जाते. पट्टीच्या एका टोकाचा पेच आवळायचा, बाकीचे सैल ठेवायचे आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का ते पाहायचे, शक्य असेल तर क्ष-किरण चित्रात. सगळे पेच आवळल्यावर पाहिले तर काहीच दिसणार नाही. म्हणूनच आवळण्याचा क्रमही ठरवून घ्यावा लागतो. गाडीचे चाक बसवताना मेकॅनिक एकच नट एकदम पूर्ण आवळत नाही, समोरासमोरचे नट थोडेथोडे आवळत जातो. पट्टीसाठीही मधून टोकांकडे आणि दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क वाढवत जाण्याची रीत आहे. क्रमाने किती फरक पडतो याबद्दल प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. टप्प्याटप्प्याने आवळण्यात मात्र तोटा काहीच नाही, आणि पट्टी कुठे अडते हे हाताला त्यातच कळते.

हाडाच्या बाबतीत भीती जरा ओसरली आहे, हेही नोंदवायला हवे. अ‍ॅलन कार आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बबूनांवर केलेल्या प्रयोगात बऱ्या आणि वाईट जुळणीच्या पट्ट्यांभोवतीच्या हाडात ठळक फरक आढळला नाही. त्याच वर्षी येम्ट आणि बूक यांनाही रुग्णांमध्ये जुळणीतील चूक आणि हाडाची झीज यांचा संबंध सापडला नाही. हाड बरेच सोसते, असे म्हणता येईल. पेच आणि पोर्सिलेन तितके सोसत नाहीत. वाईट जुळणीची किंमत ते आधी चुकवतात.

फटीला जिवाणूंचीही एक बाजू आहे. तोंडातले बहुतेक जिवाणू एक-दोन मायक्रॉनच्या आसपासचे, त्यामुळे जोडातली काही मायक्रॉनची फट त्यांना प्रशस्त वाट आहे. मार्टिन ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये वेगवेगळ्या प्रणालींच्या जोडातून होणारी गळती मोजली. टॉर्क १० वरून २० वर आणि तिथून कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर नेला तशी गळती कमी होत गेली. अर्धवट आवळलेला पेच म्हणजे केवळ हलणारा दात नव्हे. त्या जोडातून हिरडीच्या कडेला दुर्गंधी आणि सूज येण्याचा मार्गही खुला राहतो.

पुढील प्रकरणे वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. इथे येणारे बहुतेक आकडे प्रयोगशाळेतले आहेत. इम्प्लांटच्या थकव्याच्या चाचणीचे आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १४८०१, भार ३० अंशांच्या कोनात द्यायला आणि ३ मिलिमीटर हाड गेले आहे असे धरायला सांगते. ती कठोर परिस्थिती आहे, पण त्यात गाल नाही, लाळ नाही, रात्री दात खाणारा माणूस नाही. प्रयोगातून दिशा मिळते. प्रत्येक रुग्णाचा आकडा मिळत नाही.

महाराष्ट्रात इम्प्लांट आता मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाहीत. तालुक्याच्या गावांतही ते बसवले जातात. बाजारात स्वीडन, स्वित्झर्लंड, कोरिया, इस्रायल आणि भारतातल्या कंपन्यांचे इम्प्लांट शेजारी-शेजारी आहेत. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, शंकूचा कोन वेगळा, टॉर्क वेगळा. एका कंपनीच्या इम्प्लांटवर दुसऱ्याचा स्वस्त अ‍ॅबटमेंट बसवणे सर्रास चालते, आणि तो बसल्यासारखा वाटतो, कारण पेच त्याला खाली ओढतो. पॉल बिनॉन यांच्या १९९६ च्या प्रयोगांत षट्कोनात दोन अंशांपेक्षा कमी फिरण्याची मोकळीक असलेले जोड सर्वांत स्थिर ठरले होते. परक्या भागांत ही मोकळीक किती आहे, हे बसवणाऱ्याला ठाऊक नसते.

म्हणून दंतवैद्यांना एक विनंती: केसपेपरवर टॉर्कचा आकडा, दुसऱ्यांदा आवळल्याची नोंद आणि रेंच तपासल्याची तारीख लिहावी, आणि लॅबला पाठवायच्या चिठ्ठीतही तो आकडा द्यावा. ज्यांच्या तोंडात इम्प्लांट आहे त्यांनी कंपनीचे नाव, मॉडेल, व्यास आणि अ‍ॅबटमेंटचा प्रकार लिहिलेले कार्ड मागून घ्यावे आणि ते जपावे. दात जरासा जरी हलला तरी इम्प्लांट गेला असे मानून घाबरू नये; बहुतेक वेळा सैल झालेला असतो तो पेच. मात्र त्या बाजूने चावणे त्याच दिवशी थांबवावे आणि कार्ड घेऊन दवाखाना गाठावा. सैल पेच वेळेत आवळता येतो. चावत राहिल्याने तुटलेला पेच इम्प्लांटच्या आतून काढणे फार अवघड असते.